चावी फिरवली की नुसतं 'टक्' होतं?

लगेच स्टार्टर बदलायला धावू नका. जुन्या गार्डन ट्रॅक्टरमध्ये खोट बहुतेक वेळा वायरच्या टोकांशी असते. आधी गिअर न्यूट्रल करा आणि स्पार्क प्लगची वायर काढून ठेवा. चार्ज झालेली बॅटरी मल्टिमीटरवर 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, पण खरी परीक्षा चावी फिरवताना. तेव्हा आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बहुधा बॅटरीच थकली आहे.

आकडा फारसा हललाच नाही, तर करंट वाटेत अडतोय. माझा पहिला संशय अर्थिंगवर. निगेटिव्ह केबल चासीला आवळलेली असते तिथे बोल्ट वरून घट्ट दिसतो, पण आत गंज धरलेला असतो. केबल सोडा, धातू चकाकेपर्यंत घासा, पुन्हा आवळा. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरून चावी फिरवा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग अजून कच्चंच आहे. ते ठीक निघालं की सोलेनॉइडकडे, म्हणजे चावी फिरवल्यावर स्टार्टरला करंट जोडणाऱ्या स्विचकडे वळा.

'टक्'सुद्धा होत नसेल तर फ्यूज आणि सीट, ब्रेक, ब्लेड यांचे सेफ्टी स्विच बघा. ते बायपास करून मात्र ठेवू नका, अगदी कळकळीनं सांगतो. ब्लेड चालू असताना माणूस सीटवरून पडला तर तोच स्विच इंजिन बंद करतो.