वाचकांचे प्रश्न : डोपिंगच्या विनोदावर हसायचं का?

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची, चारशे मीटर धावते. दादोजी कोंडदेव स्टेडियमवर तिचा सराव असतो. परवा टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात एक धावपटू इंजेक्शन टोचून घेतो आणि ट्रॅक सोडून आकाशात उडतो, असं दाखवलं. घरात सगळेच हसले. आता सोसायटीतली मुलं तिला ‘आज टोचलं का गं?’ म्हणून चिडवतात. असे विनोद दाखवावेत का?
— एक आई, कळवा

उत्तर : ताई, दाखवावेत, पण कुणाला हसतोय याचं भान ठेवून. १९८८च्या सोल ऑलिंपिकात स्टॅनोझोलॉल हे बंदी असलेलं, ताकद वाढवणारं औषध सापडलं म्हणून कॅनडाचा धावपटू बेन जॉन्सनचं शंभर मीटरचं सुवर्णपदक काढून घेतलं. त्याच सुमारास अमेरिकेत ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमानं, सगळी औषधं खुली असलेल्या ऑलिंपिकचं प्रहसन केलं. वेटलिफ्टर वजन उचलायला जातो आणि त्याचे हातच उपटून येतात! हसू येतंच. मनात मात्र एवढंच उरतं, की हे सगळे घेतातच. तुमच्या लेकीला आज तेच ऐकावं लागतंय. अंधारात उठून मैदान गाठणाऱ्या पोरी मी रोज तपासते, त्यामुळे मला याचा फार राग येतो. त्या मुलांच्या आईवडिलांशी स्पष्ट बोला.

टीव्हीवरचा विनोदी सूत्रसंचालक जॉन ऑलिव्हरनं २०१६ मध्ये, रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर डोपिंगवर केलेला कार्यक्रमाचा भाग मला पटतो. त्याचा सगळा रोख तपासणीच्या ढिसाळ यंत्रणेवर होता. त्याआधी, डिसेंबर २०१४ मध्ये, युलिया स्टेपानोवा ही रशियन धावपटू आणि तिचा नवरा जर्मन वाहिनीवर रशियातल्या डोपिंगबद्दल सगळं बोलले होते. त्यापायी त्यांना देश सोडावा लागला. त्यांची गोष्ट मुलीला जरूर सांगा.

आता घरातलं. विनोदात इंजेक्शन दिसतं. आपल्या मुलांना धोका खोकल्याच्या बाटलीतून जास्त. विरारचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ आठवा. २०१९ मध्ये त्याच्या लघवीच्या नमुन्यात टर्ब्युटालिन हे बंदी असलेलं औषध सापडलं. खोकल्याचं औषध घेतलं होतं, असं त्यानं सांगितलं आणि बीसीसीआयनं ते मान्यही केलं. तरी आठ महिन्यांची बंदी बसलीच, कारण शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार. हे टर्ब्युटालिन आपल्याकडे कितीतरी कफ सिरपमध्ये असतं. तेव्हा केमिस्टच्या काउंटरवरच बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. मुलगी स्पर्धेत धावते, हे डॉक्टरांना आधी सांगा. दम्यासारख्या आजारात बंदी असलेलं औषध लागणारच असेल, तर ‘नाडा’कडे, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेकडे, रीतसर परवानगी मागता येते. जिममधल्या कुणी दिलेला पावडरचा डबा घरात आणूच नका.

मोठ्या स्पर्धेत तिची चाचणी झाली तर तिनं घाबरू नये म्हणून सांगते. महिला अधिकाऱ्याच्या समोर लघवीचा नमुना द्यावा लागतो, किमान ९० मिलिलिटर. कमी पडला तर पुन्हा होईपर्यंत थांबायचं. पहिल्यांदा सगळ्याच मुली अवघडतात. किट तिनंच निवडायचं, ‘ए’ आणि ‘बी’ बाटल्या तिनंच घट्ट बंद करायच्या, नंबर जुळवून बघायचे. ती अल्पवयीन आहे, त्यामुळे तुम्ही किंवा प्रशिक्षक सोबत थांबू शकता. फॉर्मवर गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं लिहायची असतात. त्यासाठी आजपासून एक वही करा आणि सर्दीची साधी गोळी घेतली तरी तारखेसकट त्यात टिपून ठेवा.