ट्रेकच्या आधी सही घ्यायची का?

प्रश्न: आमचा पुण्यातला साधा ट्रेकिंग ग्रुप आहे, कुठे रजिस्टर वगैरे नाही, गाडीभाडं आणि जेवणाचा खर्च वाटून घेतो आणि महिन्याला एखादा किल्ला करतो. पावसाळ्यात एका नवीन मुलीचा उतरताना पाय घसरून घोटा मोडला, घरच्यांनी जबाबदार कोण विचारल्यावर सगळेच गप्प. आता अर्धे म्हणतात 'काही झालं तर ग्रुप जबाबदार नाही' असं प्रत्येकाकडून लिहून घ्या, बाकीचे म्हणतात मित्रामित्रांत कसल्या सह्या. काय करावं?

उत्तर: सही घ्या, पण त्या एका ओळीवर विसंबून राहू नका. निसरडी वाट, सुटे दगड हे सगळं माहीत असून माणूस स्वतःहून आला एवढं दाखवायला कागद उपयोगी पडतो. पण रेड अलर्ट असताना लीडरने ट्रेक रेटून नेला किंवा नवख्याला मागे एकटं सोडलं, तर सही असली तरी भरपाईचा दावा होऊ शकतो, आणि कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106 आहे, निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर 5 वर्षांपर्यंत शिक्षा, ती काय कुठल्या हमीपत्राने माफ होत नाही. 18 च्या खालच्यांची सही तर चालतच नाही, पालकांची लेखी संमती घ्या पण त्याने मुलाचा हक्क संपला असं समजू नका.

तुमचा ग्रुप रजिस्टर नाही, म्हणजे नोटीस आलीच तर ट्रेक ठरवणाऱ्या आणि नेणाऱ्या माणसांच्या नावाने येणार, हे लीडर होणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगा. आणि उद्या खर्चाच्या वर फी घ्यायला लागलात तर ग्राहक कायदा मागे लागू शकतो, शिवाय राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणात आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायला सांगितलंय तेही बघावं लागेल.

मला विचाराल तर फॉर्ममधला खरा कामाचा भाग सहीच्या वर असतो. दमा, बीपी, फिट्स, चालू गोळ्या, मधमाशीची ॲलर्जी, रक्तगट, घरचा नंबर, आणि उंचीची भीती वाटते का. हा शेवटचा प्रश्न लोक काढून टाकतात आणि मग हरिहर किल्ल्याच्या त्या उभ्या कोरीव पायऱ्यांवर, हाताला फक्त दगडातल्या खोबण्या, खालून वर येणारे आणि वरून उतरणारे एकाच वेळी, तिथे एखादा मध्येच थिजून बसतो आणि पुढेमागे सगळी रांग अडकते. हे आधी कळलं असतं तर त्याच्या खाली एक अनुभवी माणूस ठेवता आला असता. फॉर्मचा प्रिंट लीडरच्या सॅकमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा, फोनमध्ये नको, गडावर रेंज गेली आणि बॅटरी उतरली की तो कुणाच्या कामाचा?

मित्रांना सही मागायला अवघड वाटतं ते मी समजू शकते, पण पहाटे बसमध्ये कागद फिरवून 'इथे कर रे पटकन' म्हणालात तर कुणी वाचतच नाही, त्यापेक्षा चार दिवस आधी पाठवा, वाट किती अवघड आहे, किती तास चालायचंय, पाऊस वाढला तर परत फिरणार हे त्यातच स्पष्ट लिहा, म्हणजे ज्याला झेपणार नाही तो आपणहून सांगेल. सोबत ग्रुपचा अपघात विमा काढायचं बघा, आणि पॉलिसी घेताना ट्रेकिंग त्यात धरलंय का ते एजंटकडून लेखी घ्या.