नेण्याजोगा घरगुती संगणक: गिऱ्हाईक कोण?

प्रश्न : कमोडोर 64 हा घरगुती संगणक जगभर प्रचंड खपला. मग त्याचीच सोबत नेता येईल अशी आवृत्ती का चालली नाही? आज कोणी तशी आवृत्ती काढली, तर ती विकली जाईल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आपण म्हणता ते यंत्र म्हणजे 1984 साली बाजारात आलेले ‘एसएक्स-64’. त्यात मूळ संगणक, फ्लॉपी ड्राइव्ह आणि पाच इंची रंगीत पडदा एकाच पेटीत बसवलेले होते, कीबोर्ड हेच पेटीचे झाकण होते आणि सगळ्याचे वजन साडेदहा किलोच्या आसपास होते. बॅटरी नव्हतीच, त्यामुळे पेटी कुठेही नेली तरी आधी विजेचा प्लग शोधावा लागे.

अपयशाचे खापर बहुधा या वजनावर फोडले जाते. ते मला पटत नाही. 1981 चा ऑस्बोर्न 1 साधारण तितकाच जड होता, पडदाही पाच इंचीच होता आणि किंमत 1,795 डॉलर होती. त्यानंतर आलेला कॉम्पॅकचा पोर्टेबल तर त्याहूनही जड आणि महाग होता. तरीही दोन्ही खपले, कारण ते घेणाऱ्याचे काम घराबाहेर चाले. ऑस्बोर्नबरोबर वर्डस्टार हा लेखनाचा आणि सुपरकॅल्क हा हिशेबाच्या तक्त्यांचा प्रोग्रॅम मिळत असे, तर कॉम्पॅकवर आयबीएम पीसीचे सॉफ्टवेअर चाले, म्हणजे कचेरीतला हिशेब तसाच पुढे नेता येई. कमोडोर 64 घेणारे कुटुंब मात्र मुख्यतः खेळ आणि थोडेफार प्रोग्रॅमिंग यांसाठी तो घेत असे, आणि ही दोन्ही कामे दिवाणखान्यात बसून होत.

शिवाय त्या कुटुंबाला भुरळ पडली होती ती स्वस्ताईची. 1982 मध्ये 595 डॉलरला आलेला कमोडोर 64 दरयुद्धामुळे पुढच्याच वर्षी 200 डॉलरच्या आसपास उतरला होता, आणि पडदा म्हणून घरातला टीव्ही होताच. एसएक्स-64 ची जाहीर किंमत 995 डॉलर होती. ड्राइव्ह आणि रंगीत मॉनिटर वेगळे घेतले असते तर बेरीज फार निराळी झाली नसती, हे खरे. पण ज्याला मॉनिटर घ्यायचाच नव्हता, त्याने ती बेरीज करावीच कशाला? त्यात भर म्हणजे प्रोग्रॅम साठवण्याचा कॅसेट रेकॉर्डर जोडण्याची सोय काढून टाकलेली होती आणि नेहमीच्या टीव्हीलाही यंत्र थेट जोडता येत नव्हते. चिमुकल्या पडद्यावरची अक्षरे वाचता यावीत म्हणून सुरुवातीचे रंगही बदलून पांढऱ्यावर निळे करावे लागले. थोडक्यात, यंत्राला मूठ बसली आणि जुन्या गिऱ्हाइकाच्या सोयी गेल्या.

याउलट टँडीचा टीआरएस-80 मॉडेल 100 पाहा. 1983 च्या या यंत्राचे वजन सुमारे दीड किलो होते, पडद्यावर जेमतेम आठ ओळी मावत, पण ते साध्या चार पेन्सिल सेलवर चाले आणि अंगच्याच मोडेममुळे बातमी फोनवरून कचेरीत धाडता येई. पत्रकारांनी ते उचलून धरले, यात नवल नाही.

आता आजचे. बॅटरी, सपाट पडदा आणि वजन या अडचणी उरलेल्या नाहीत. पण कमोडोरचे खेळ एम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर), अगदी खिशातल्या फोनवरही, फुकट चालतात. म्हणून नव्या यंत्राकडे जुन्यासारखा कीबोर्ड, जॉयस्टिक आणि खेळांची कार्ट्रिज लावण्याची जागा नसेल, तर त्यात विकण्यासारखे काहीच उरत नाही. ते सारे नीट जमले, तर बालपणी हा संगणक वापरलेले युरोप-अमेरिकेतले हौशी लोक तो घेतील. त्यांची संख्या मर्यादित असल्याने आगाऊ नोंदणी घेऊन तेवढीच यंत्रे बनवणे शहाणपणाचे ठरेल, असे माझे मत आहे. भारतात मला बाजार दिसत नाही. 1984 पासूनच्या ‘क्लास’ या शालेय संगणक-शिक्षणाच्या योजनेतून आपल्या शाळांमध्ये आला तो बीबीसी मायक्रो हा ब्रिटिश संगणक. तेव्हा इथे कोणाला जुन्या यंत्राची ओढ असलीच, तर ती त्याची असण्याचा संभव अधिक.