आधी पाय जमिनीला लागू देत

प्रिय मुली,

तुझं पत्र परवा मिळालं, दोनदा वाचलं. अंगात बसलेला धसका अंगाच्याच वाटेने सोडवायचं, हे कार्यशाळेत शिकलेलं तू शेजारच्या वहिनींसोबत करून पाहिलंस, "अंग थरथरतंय तर थरथरू द्या" म्हणालीस, आणि त्या इतक्या थरथरल्या की दोन दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. आता हे काम सोडू का, असं विचारतेस. सोडू नकोस. पण तुझी कार्यशाळा दोन दिवसांची होती आणि वहिनींचा धसका 3 जून 2020 चा आहे. निसर्ग वादळात डोक्यावरचे पत्रे उडाले तेव्हा त्या दोन्ही लेकरांना पोटाशी धरून भिंतीला चिकटून बसल्या होत्या, हे तूच लिहिलंयस. इतकं जुनं ओझं एका दुपारी उतरवायला जाऊ नये.

अशीच चूक मी केली आहे, आणि तेव्हा माझं वय तुझ्या दुप्पट होतं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. त्यानंतर काही आठवड्यांनी आम्ही काही जणी लोकांशी बोलायला जात होतो. एके दिवशी पेठेतले एक दुकानदार समोर बसले होते (ओळख लागू नये म्हणून बारकावे बदलून लिहिते). ते पोटमाळ्यावर वाशाला धरून कित्येक तास गळाभर पाण्यात उभे होते. मी त्यांना म्हटलं, डोळे मिटा, खोल श्वास घ्या, थोडा रोखून धरा. पुढचं वाक्य तोंडातून निघायच्या आत त्यांचे ओठ पांढरे पडले, दोन्ही हात वर गेले आणि बाक मागे आदळला. ज्या माणसाने जीव वाचवायला श्वास रोखला होता, त्याला मी पुन्हा तेच करायला लावलं होतं. वर डोळे मिटायला सांगून, आता इथे पाणी नाही हे बघायची त्यांची सोयही काढून घेतली होती.

त्या दिवसापासून मी कुणालाही डोळे मिटायला सांगत नाही. उलट म्हणते, मान वळवून खोली बघा. खिडकीतून काय दिसतं? दार कुठल्या बाजूला आहे? पायाखालची लादी गार आहे की कोमट? यात वेळ जातो, आणि तो जाऊ द्यावा. श्वासाचं काही करायचंच असेल तर फक्त बाहेर सोडण्याकडे लक्ष द्यायला सांग, गरम चहावर फुंकर घालतात तसा सावकाश. श्वास सोडताना व्हेगस या मज्जातंतूमार्फत हृदयाची गती मंदावते. मात्र श्वासाचं नाव काढताच कुणी कसनुसं झालं, तर तो विषय तिथेच सोड.

त्या काकांचं पुढे काय झालं ते सांगते. त्यांच्या तक्रारीत भीती हा शब्द कधी आलाच नाही. "बोटं आखडतात, शटर ओढवत नाही," एवढंच म्हणायचे. मग आम्ही बोटांपासूनच सुरुवात केली. खुर्चीचा हात घट्ट धरायचा, मग एकेक बोट सोडायचं, आणि सोडल्यावर तळहातात काय जाणवतं ते नुसतं पाहायचं. त्यानंतर विचारायचं, अंगात कुठे बरं वाटतंय? पहिल्यांदा म्हणाले, कुठेच नाही. तळव्यांना? कानांना? "कान ठीक आहेत," म्हणाले. मग थोडा वेळ कानांपाशी थांबायचं आणि पुन्हा बोटांकडे यायचं. दुखऱ्या जागी जरासं जायचं, बऱ्या जागी परत यायचं, आणि पुराची गोष्ट त्यांनी स्वतःहून काढेपर्यंत आपण काढायची नाही. सहाव्या-सातव्या भेटीत ते वाशाबद्दल बोलले. बोलताना दोन्ही हात मांडीवर उघडे होते.

तुझ्या कार्यशाळेत ही अंगाच्या वाटेने जायची पद्धत मांडणारे पीटर लेव्हिन यांचं नाव आलं असेलच. संकटात ना लढता येतं ना पळता येतं, तेव्हा माणूस थिजतो, आणि अर्धवट राहिलेली ती धडपड अंगात अडकून बसते, असं त्यांचं म्हणणं आहे. मला अनुभवाने ते पटतं. तरी या पद्धतीवरचे अभ्यास अजून थोडे आणि लहान आहेत, हे समोरच्याला स्पष्ट सांगत जा. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत आघातानंतरच्या विकारासाठी आघातकेंद्री विचार-वर्तन उपचार आणि ईएमडीआर (डोळ्यांची हालचाल करवत त्या आठवणीवर काम करायची पद्धत) सुचवले आहेत, आणि आपत्तीनंतर लगेच सगळ्यांना बसवून घडलेलं सांगायला लावू नका असंही म्हटलं आहे. जमलं तर या दोन्हींपैकी एकाचं रीतसर शिक्षण घे.

इंग्रजी शब्द मात्र लोकांपुढे फार वापरू नकोस. आपल्याकडे धसका घेतात, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं. आपली माणसं मनाचं दुखणं अंगाच्याच भाषेत सांगत आली आहेत. "गोळा केवढा आहे? लिंबाएवढा की नारळाएवढा?" एवढं विचारलंस तरी बोलणं सुरू होतं. कुणी दृष्ट काढून किंवा देवळात गाऱ्हाणं घालून आलं असेल, तर नाक मुरडू नकोस. पण नुसती छाती धडधडते म्हटल्यावर आधी डॉक्टरकडे पाठव. थायरॉइड असतं, रक्त कमी असतं, कधी हृदयच असतं. जगावंसं वाटत नाही असं कुणी म्हणालं, तर एकटीने सांभाळत बसू नकोस. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे ने, आणि तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लाव. तिथे मराठीत बोलता येतं. आणि न विचारता कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही, खांद्यालासुद्धा नाही.

आता वहिनींकडे परत जा. माझं चुकलं, घाई झाली, एवढंच सांग. चहा दिला तर पी, आणि त्या दिवशी अंगाचा विषय काढू नकोस. मे संपत आलाय, सगळीकडे घरं शाकारायला घेतली असतील. त्यांच्या छपराचे पत्रे या वर्षी कुणी पाहिलेत का, ते विचार. वादळानंतर घाईत बसवलेले हूक इतक्या पावसाळ्यांत गंजले असणार. पत्रा खरंच सैल असेल, तर रात्री वारा सुटला की त्यांना धडकी भरते ती उगाच नाही, आणि अशा छपराखाली निवांत व्हा म्हणून त्यांना सांगणं बरोबर नाही. मिस्त्रीला सोबत घेऊन जा. पत्रे पक्के झाले की मग दोघी पडवीत बसा.

तुझी,
बाई