कारकासोन: जमलं तर एक रात्र राहाच

कारकासोन म्हणजे दक्षिण फ्रान्समधलं तटबंदीच्या आत वसलेलं किल्ल्याचं शहर. सकाळच्या ट्रेनने तुलूजहून येऊन संध्याकाळी परत, हा बेत बदलता आला तर बघा. दुपारी नार्बोन दरवाज्यापाशी नुसती जत्रा असते, लाकडी तलवारी विकणाऱ्या दुकानांसकट. दिवसाची गर्दी ओसरली की हाच किल्ला वेगळा वाटतो. गल्ल्यांत फिरायला तिकीट नाही, ते फक्त आतल्या राजवाड्याचं आणि तटावरच्या वाटेचं.

पण आधी दोन तटांमधल्या मोकळ्या पट्ट्यातून चाला. तेही फुकट. उत्तरेकडे आतल्या तटात लहान दगडांच्या थरांमध्ये लाल विटांच्या ओळी दिसतील, ते रोमन काळाचं काम. बाहेरचा तट १३व्या शतकातला, फ्रेंच राजांनी बांधलेला. कारण १२०९ मध्ये कॅथार या चर्चने पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती पंथाविरुद्धच्या धर्मयुद्धात शहर पडलं होतं. इथला तरुण सरदार रेमों-रोजे त्रांकाव्हेल बोलणी करायला गेला, कैद झाला आणि त्याच वर्षी कोठडीत मेला.

१६५९ च्या तहानंतर स्पेनची सरहद्द दक्षिणेला सरकली आणि किल्ल्याला कुणी विचारेना. १९व्या शतकात पाडायचाच घाट होता! वास्तुकार व्हियोले-ल-द्युकने तो डागडुजी करून उभा केला. बुरुजांवरची टोकदार पाटीच्या दगडाची छपरं त्याचीच. दक्षिणेत ती शोभत नाहीत, ही टीका तेव्हापासूनची. मला विचाराल तर टीका रास्त आहे, पण फोटो मात्र झकास येतात.

सँ-नाझेर चर्चमधल्या रंगीत काचा चुकवू नका. स्टेशनवरून टॅक्सी नको, जुन्या पुलावरून चालत या. कासुले, म्हणजे इथला घेवड्याच्या दाण्यांचा आणि मांसाचा जड रस्सा, दुपारी खाल्लंत तर पुढचं फिरणं विसरा.