घरी मराठी, शाळेत गिचमिड

प्रश्न : मुलगी नववीत आहे. घरी टाइप केलेला मराठी निबंध शाळेच्या संगणकावर इंग्रजी अक्षरं-चिन्हांचा गिचमिडा होऊन उघडतो. का? – एक पालक, मिरज

उत्तर : फॉन्ट जुना, बिगर-युनिकोड असणार (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी जागतिक पद्धत). त्यात मराठी अक्षराचं नुसतं चित्र इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेलं असतं. शाळेत तो फॉन्ट नसला की मूळचं इंग्रजी उघडं पडतं. छपाईपुरतं घरूनच पीडीएफ करून द्या, पण सवय युनिकोडचीच लावा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये लँग्वेजखाली मराठी जोडा. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकात, ‘मिरज’साठीच्या कळा सी, एफ, जे, पी. मुलं अडकतात ती इथंच. हातानं लिहिताना पहिली वेलांटी आधी येते (जुन्या टंकलेखन यंत्रावरही तसंच), म्हणून एफ आधी दाबतात आणि ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. आधी ‘म’, मग वेलांटी.