घरात कुबट वास येतो. बुरशीची व्यावसायिक चाचणी करून घ्यावी का, आणि कोणती चाचणी सर्वांत अचूक असते?

आपला प्रश्न असा आहे की, दमट हवामानातील घरात पाऊस थांबल्यावरही कुबट वास जात नाही, भिंतीवर ठळक असे काही दिसत नाही, तर व्यावसायिकांकडून बुरशीची चाचणी करून घ्यावी का आणि घ्यायची झाल्यास कोणती. पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे: तपासणी अवश्य करून घ्या, चाचणीची घाई करू नका. हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात आणि त्या गोंधळावर अनेकांचा व्यवसाय चालतो. तपासणीत जाणकार माणूस घरात येऊन ओल कोठून येते ते शोधतो. चाचणीत हवेचा किंवा भिंतीचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि बुरशीच्या जातींची नावे व आकडे परत येतात. आमच्या घरी आधी चाचणी झाली, तपासणी फार उशिरा झाली, आणि मधले जवळजवळ एक वर्ष वाया गेले. म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

आईच्या खोलीत वास येऊ लागला तेव्हा सर्वप्रथम तो तिलाच जाणवला. तिला सकाळी खोकला यायचा आणि दिवसभर बाहेर बसल्यावर तो थांबायचा. माझे थोरले बंधू बांधकामाच्या व्यवसायात आहेत, त्यामुळे भिंतीच्या बाबतीत घरात त्यांचाच शब्द अखेरचा असतो. त्यांनी बाहेरच्या भिंतीवरचे पांढरे चट्टे आणि सुटलेले पोपडे पाहिले, एका ओळखीच्या माणसाकडून दोन सुयांचा ओलावामापक भिंतीला टेकवून घेतला, काटा चढलेला दाखवला आणि पाणी बाहेरून झिरपते असा निकाल दिला. बाहेरून वॉटरप्रूफिंग झाले, आतून नवा गिलावा आणि रंग झाला. वास दीड महिन्यात परत आला.

त्यानंतर दादांनीच एका कंपनीला चाचणीसाठी बोलावले. गणवेशातला एक तरुण आला, खोलीच्या मधोमध तिपाईवर पंप ठेवून पाच मिनिटे हवा खेचली, तसेच बाहेर अंगणात केले आणि अर्ध्या तासात निघून गेला. त्याने कपाट हलवले नाही, पलंगाखाली वाकून पाहिले नाही, वास केव्हा वाढतो हेदेखील विचारले नाही. आठवड्याने रंगीत तक्त्यांचा चौदा पानी अहवाल आला. निष्कर्ष होता ‘सामान्य’, आणि शेवटच्या पानावर ‘खबरदारी म्हणून’ संपूर्ण घरात जंतुनाशक धुरळणी करून देण्याचा प्रस्ताव होता. दादांनी धुरळणी नाकारली, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. पण तो अहवाल त्यांनी जपून ठेवला आणि आईने वासाची तक्रार केली की तो काढून दाखवू लागले. वास जुन्या पुस्तकांचा आणि खोकला वयाचा, असे ठरून गेले. कागदावर छापलेल्या आकड्यांपुढे एका म्हाताऱ्या माणसाच्या नाकाची किंमत शून्य होते, याचा मला आजही राग आहे.

त्या अहवालात नेमके काय चुकले होते, ते मला पुढे कळले. अशा पंपातून साधारणपणे मिनिटाला पंधरा लिटर, म्हणजे पाच मिनिटांत पंचाहत्तर लिटर हवा एका चिकट काचपट्टीवर आदळवतात आणि चिकटलेले बीजाणू, म्हणजे बुरशीचे हवेत उडणारे सूक्ष्म बीजकण, सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. पंचाहत्तर लिटर म्हणजे खोलीतील हवेचा अगदी नगण्य अंश, तोही एका विशिष्ट क्षणाचा. बीजाणूंचे प्रमाण तासातासाला बदलते. कोणी चादर झटकली किंवा पंखा लावला तरी बदलते. त्या दिवशी आईच्या खोलीची खिडकी सताड उघडी होती, म्हणजे आतला नमुना हा बहुतांशी बाहेरच्याच हवेचा नमुना होता. आतले आकडे बाहेरच्या आकड्यांशी ताडून पाहण्याची पद्धत योग्यच आहे, परंतु ओल्या, झाडाझुडपांच्या परिसरात बाहेरच बीजाणूंची गर्दी असल्यामुळे आतली बुरशी त्या तुलनेत सहज लपून जाते. शिवाय या पद्धतीत ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम या दोन बुरशींचे बीजाणू एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून अहवालात ते एकाच रकान्यात टाकलेले असतात. आणि ‘सामान्य’ म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत बीजाणूंची कोणतीही सुरक्षित मर्यादा आकड्यांत दिलेली नाही. ओल होऊ देऊ नका आणि झाल्यास दूर करा, एवढाच त्यांचा रोख आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनेही अशी मर्यादा ठरवलेली नाही, आणि बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुने घेण्याची गरज नाही असे ती संस्था स्पष्टपणे सांगते. ज्या मोजमापाला मान्य मर्यादाच नाही, त्याच्या आधारे घर निर्दोष ठरवणे म्हणजे पट्टीशिवाय उंची सांगणे होय.

पुढे एका परिचितांच्या शिफारशीवरून इमारतींची तपासणी करणाऱ्या एक बाई आल्या. त्यांच्याकडे पंप नव्हता. एक विजेरी, दोन प्रकारचे ओलावामापक, तापमान व आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र आणि थर्मल कॅमेरा एवढाच त्यांचा सरंजाम होता. पहिला पाऊण तास त्यांनी केवळ प्रश्न विचारले, आणि तेही दादांना किंवा मला न विचारता आईला विचारले. वास पहाटे सर्वाधिक असतो, पाऊस असो वा नसो रोज असतो, आणि साधारण दीड वर्षापासून आहे, असे आईने सांगितले. पावसाशी संबंध नाही म्हटल्यावर त्यांचे लक्ष बाहेरच्या भिंतीवरून उडाले. बाहेरच्या पांढऱ्या चट्ट्यांवर त्यांनी ओला स्पंज फिरवला. ते विरघळून गेले. तो लोणा होता, म्हणजे भिंतीतून वर आलेले क्षार. सुयांचा ओलावामापक विजेच्या वहनावर चालतो आणि क्षार असले की भिंत फारशी ओली नसतानाही काटा चढतो. आमचे वॉटरप्रूफिंग त्या काट्यावर झाले होते.

मग त्यांनी आईच्या आणि माझ्या खोलीमधल्या सामायिक भिंतीला लागून असलेले कपाट पुढे ओढायला लावले. कपाटाच्या मागच्या प्लायवर आणि भिंतीवर, अगदी कपाटाच्या आकाराचा, काळसर हिरवा थर पसरला होता. तिथे ना पाण्याचा पाइप होता, ना गळती.

कारण माझ्या खोलीतला एसी होता. दीड वर्षापूर्वी तो बसवल्यापासून मी रात्रभर २० अंशांवर चालवत होतो. आईच्या खोलीत एसी नव्हता. खिडकीतून येणारी २९ अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा तिथे भरलेली असे. अशा हवेचा दवबिंदू सुमारे २५ अंश असतो, म्हणजे त्याहून थंड पृष्ठभाग मिळाला की तिच्यातले पाणी त्यावर जमू लागते. चार इंची विटांची भिंत माझ्या बाजूने थंड होत होती. मोकळ्या भागावर आईच्या खोलीतली ऊब पोहोचत असल्यामुळे तो भाग दवबिंदूच्या वर राहत होता, पण कपाटाने झाकलेल्या भागापर्यंत ती ऊब पोहोचतच नव्हती. तिथे यंत्राने २३ ते २४ अंश दाखवले. दमट हवा मात्र कपाटामागच्या फटीतून आरामात आत शिरत होती. बुरशीला पाण्याचे थेंबही लागत नाहीत. पृष्ठभागालगतची आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी तिचे भागते. थर्मल कॅमेऱ्याबद्दलही त्या बाईंनी एक गोष्ट बजावून सांगितली: तो ओल दाखवत नाही, तापमानातला फरक दाखवतो, म्हणून निळा डाग दिसल्यावर तिथे ओलावामापक लावून खात्री केल्याशिवाय त्याला ओल म्हणू नये. कॅमेऱ्याच्या एका चित्रावर लाखमोलाचे निष्कर्ष काढणारे लोक भेटतात, त्यांच्यापासून सावध राहा.

उपाय अगदीच साधे निघाले. बुरशी लागलेले प्लाय टाकून दिले, कारण सच्छिद्र लाकडात ती आत शिरलेली असते आणि मेलेली बुरशीसुद्धा ॲलर्जी देऊ शकते. धुरळणीने नेमके हेच साध्य होत नाही. भिंत साबणाच्या पाण्याने घासून पूर्ण कोरडी केली. कपाट दुसऱ्या भिंतीला, तेही वीतभर अंतर सोडून ठेवले. माझा एसी २६ अंशांवर आला आणि आईच्या खोलीत हवेतला दमटपणा शोषणारे यंत्र बसवून आर्द्रता साठ टक्क्यांखाली ठेवली. वास तीन आठवड्यांत गेला. खोकला पूर्ण गेला असे मी म्हणणार नाही, पण सकाळचा जोर ओसरला.

आता आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे वळतो. सर्वांत अचूक चाचणी कोणती, हा प्रश्न मला तितकासा महत्त्वाचा वाटत नाही, तरीही सांगतो. डाग बुरशीचा आहे की काजळीचा असा संशय असेल तर पारदर्शक चिकटपट्टीने घेतलेला नमुना स्वस्त आणि पुरेसा असतो. संवर्धन पद्धतीत, म्हणजे नमुना प्रयोगशाळेत वाढवून पाहण्यात, फक्त जिवंत बुरशी उगवते, मेलेली सुटून जाते. धुळीतील ३६ जातींचा डीएनए मोजून घराला एकच गुणांक देणारी चाचणीही मिळते. ती संशोधनासाठी विकसित झालेली आहे आणि एखाद्या घराचा निवाडा तिच्यावरून करू नये.

चाचणी सर्वस्वी निरुपयोगी आहे, असे मात्र माझे म्हणणे नाही. घरमालक, विक्रेता किंवा विमा कंपनी यांच्याशी वाद असेल तर लेखी पुरावा लागतो. मोठ्या सफाईनंतर काम नीट झाले का हे पाहण्यासाठी नमुने घेता येतात, आणि घरात कोणाची प्रतिकारशक्ती फार क्षीण असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावेत. दमा असणाऱ्याने तर अहवालाची वाट न पाहता आधी डॉक्टर गाठावा. नमुने घ्यायचेच असतील तर आधी खिडक्या काही तास बंद ठेवा, एकाहून अधिक ठिकाणचे नमुने मागा आणि कोणत्या शंकेचे उत्तर या नमुन्यातून मिळणार आहे हे आधीच विचारा. उत्तर देता आले नाही तर त्या माणसाला दारातूनच परत पाठवा. तपासणारा आणि साफ करणारा एकच नसावा. अमेरिकेतील टेक्सास आणि न्यूयॉर्क या राज्यांत तर एकाच कामावर दोन्ही भूमिका घेण्यास कायद्यानेच बंदी आहे. माझ्या मते याहून सोपी कसोटी अशी की, जो कपाट हलवायला सांगत नाही त्याला तपासनीस म्हणू नये.

हे सारे वाचून दादा म्हणतील की वॉटरप्रूफिंग झाले म्हणूनच भिंत वाळली, आणि मुळात एसी कोणाचा होता? एसी माझा होता, हे मी त्यांच्यासमोर अनेकदा मान्य केले आहे. चौदा पानी अहवाल मात्र अजून त्यांच्याच कपाटात आहे, आणि ते कपाट भिंतीला चिकटून उभे आहे.